बीपीईएस संपत आलंय, पहिल्या नोकरीसाठी नेमकी तयारी काय करू? (जिम, क्लब, कॅम्प, पोहणं)

अंबानगरीकर

नमस्कार मंडळी. अमरावतीत बीपीईएसच्या (शारीरिक शिक्षण आणि क्रीडा पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या निम्म्या जणांचं बीपीएड ठरलंय, काही जण पोलीस भरतीच्या मागे आहेत. मला आणि आणखी चार-पाच जणींना मात्र जिम, क्लबहाऊस, रिसॉर्ट, कॅम्प अशा ठिकाणी काम करायचंय. कॉलेजात ॲनाटॉमी झाली, किनेसिऑलॉजी झाली, मैदान आखता येतं, पंचगिरी येते. नोकरी कशी मागायची हे मात्र कोणत्याच सेमिस्टरला नव्हतं.

पुण्यातल्या काही जिमना बायोडेटा पाठवला. एकाच ठिकाणाहून फोन आला आणि पहिलाच प्रश्न, "सर्टिफिकेशन कोणतं?" डिग्री सांगितली तर म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण सर्टिफिकेशन?" आता घरचे विचारतात की तीन वर्षं शिकल्यावर पुन्हा पैसे भरून वेगळा कागद कशाला. मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. मी लहानपणापासून मल्लखांब करते, आंतरविद्यापीठ खेळलेय. त्याचा उपयोग होईल का? या क्षेत्रात असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं, आम्ही सगळ्या मैत्रिणी मिळून वाचतोय.

लोखंडी_पट्टा

पुण्यात एका जिमचा फ्लोअर सांभाळतो, ट्रेनर निवडायचं काम माझ्याकडेच असतं. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

बायोडेटा एक पान. वडिलांचं नाव, जन्मवेळ, "वरील माहिती सत्य आहे" वगैरे काढून टाक. मला त्यात एकच गोष्ट शोधायची असते: या मुलीने आजवर कोणाला शिकवलंय? स्वतः किती वजन उचलते याने माझं काम भागत नाही. आमच्याकडे येणारा सभासद चाळिशीतला, पाठ धरलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा असतो. त्याच्यासोबत तू काय केलंस, किती काळ केलंस, काय बदललं, हे तीन ओळींत असेल तर मी फोन करतो.

मुलाखतीत बोलणं थोडं आणि फ्लोअरवर काम जास्त. मी हाउसकीपिंगच्या मावशींना किंवा रिसेप्शनवरच्या मुलाला समोर उभं करतो आणि उमेदवाराला सांगतो, यांना स्क्वॉट शिकवा. बहुतेक जण लगेच स्वतः स्क्वॉट मारून दाखवतात, सुंदर मारतात. माझं लक्ष दुसरीकडे असतं. सुरुवातीला विचारलं का, "गुडघा, कंबर, बीपी, काही त्रास? गोळ्या चालू आहेत?" हात लावण्याआधी परवानगी घेतली का? टाच उचलली गेली तर ओरडून "टाच खाली" म्हणाली, की पाय थोडे रुंद करून, मागे बेंच ठेवून त्यावर बसायला लावलं? एका वेळी एकच सूचना दिली की पाच? मावशी दमल्या हे त्यांनी सांगण्याआधी हिला दिसलं का?

हे वाचून येत नाही. तेव्हा आजपासून ओळखीतले तीन-चार जण धर, वेगवेगळ्या वयाचे. आई, शेजारचे काका, एखादी मैत्रीण जिने कधी व्यायाम केला नाही. फुकट शिकव पण वही ठेव. पहिल्या दिवशी पार-क्यू भरून घे (व्यायामाआधीची आरोग्य प्रश्नावली, एका पानाची असते). एका जरी प्रश्नाला "हो" आलं तर आधी डॉक्टरकडे. रोज काय केलं, किती जमलं, कुठे दुखलं ते लिही. दोन-तीन महिन्यांनी ती वही घेऊन मुलाखतीला जा. माझ्यासमोर अशी वही फार क्वचित आली आहे, आणि जेव्हा आली तेव्हा मी दुसरं काही फारसं विचारलं नाही.

वेळेचंही बघ. जानेवारीत सभासदांची गर्दी उसळते, त्यामुळे माणसं आम्ही नोव्हेंबर-डिसेंबरातच घेऊन ठेवतो. उन्हाळी शिबिरांची भरती फेब्रुवारी-मार्चात होते.

शाळेतले_सर

पट्टासाहेबांशी सहमत, पण थोडं डिग्रीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. मुलीने तीन वर्षं शरीरशास्त्र, क्रीडामानसशास्त्र, प्रशिक्षणशास्त्र शिकलंय आणि समोरचा विचारतो सर्टिफिकेशन कोणतं, याचा राग येतो. आठवडाभराच्या कोर्सवाल्याला ट्रेनर म्हणतात आणि हिला दारात थांबवतात!

बाळ, दारं अनेक आहेत. शाळेत जायचं असेल तर बीपीईएस पुरत नाही, दोन वर्षांचं बीपीएड लागतं, पुढे शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी (टीएआयटी) आणि भरतीचं पवित्र पोर्टल. जागा कमी, वाट बघावी लागते, हे मान्य. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाचं एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) आहे, १९६१ पासूनची संस्था. तिथला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स खेळाडू मुलांना परवडतो आणि अकादम्यांमध्ये, निवासी शाळांमध्ये त्या कागदाला किंमत आहे. खेळाची प्रमाणपत्रं सांभाळून ठेव. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र कोणती स्पर्धा, कोणता क्रमांक यावर ते ठरतं आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर पडताळणीला पळणारी मुलं मी दरवर्षी बघतो. आत्ताच कर.

आणि मल्लखांबाबद्दल कमीपणा वाटून घेऊ नकोस. तुमच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मल्लखांब आता खेलो इंडियातही आहे.

अंबानगरीकर

सर, मनापासून धन्यवाद. पडताळणीचं माहितीच नव्हतं, उद्याच जिल्हा क्रीडा कार्यालयात जाते. पट्टादादा, आईला आजच विचारलं, ती तयार झालीय. :)

सर्टिफिकेशनचा प्रश्न मात्र तसाच आहे. एसीई, एनएएसएम, शिवाय इथल्या अकादम्या. काय घ्यावं?

दुबईकर_मावळा

साताऱ्याचा आहे, दुबईत एका हॉटेलच्या क्लबमध्ये ट्रेनर. माझं मत: आधी कुठे काम करायचंय ते ठरव, मग कागद घे.

एसीई, एनएएसएम, एनएससीए, एसीएसएम या चारही अमेरिकन संस्थांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षांना एनसीसीए नावाची मान्यता आहे. मोठ्या साखळी जिम आणि परदेशातले मालक तीच बघतात. एसीईचं उदाहरण घे. वय १८ पूर्ण, सीपीआर-एईडीचं (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि विजेचा झटका देणारं यंत्र वापरणं) चालू प्रमाणपत्र, मग तीन तासांत १५० प्रश्न. पास झालं की कागद दोन वर्षांपुरता. दर दोन वर्षांनी २० तासांचं पुढचं शिक्षण दाखवून आणि फी भरून नूतनीकरण. ही पुढची फी कोणी आधी सांगत नाही, ती हिशेबात धर. अभ्यास तुला जड जाणार नाही, निम्मा तू कॉलेजात केलायस. परीक्षा इंग्रजीत आहे, सराव प्रश्न भरपूर सोडव.

भारतात एसपीईएफएल-एससी ही या क्षेत्राची कौशल्य परिषद आहे. तिचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसतो आणि सरकारी योजनांतून कधी कधी कमी खर्चात होतो. पहिल्या नोकरीला तोही चालतो. योगाकडे कल असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा बघ. योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरपासून पायरीपायरीने वर जाता येतं.

कर्ज काढून महागडा कागद पहिल्याच वर्षी घेऊ नकोस. साधी नोकरी धर, पगारातून पैसे बाजूला टाक, मग दे परीक्षा. आणि शनिवार-रविवारात ट्रेनर बनवून देणाऱ्या जाहिरातींना एकच प्रश्न विचार: परीक्षा कोण घेतं? शिकवणाराच परीक्षा घेऊन शंभर टक्के पास करत असेल तर पुढे जाऊ नकोस.

आखातात यायचं असेल तर: इथे रेप्स यूएई या ट्रेनरांच्या नोंदणीसाठी पात्र कागद मागतात. व्हिजिट व्हिसावर काम शोधायला येऊ नकोस. इथल्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, तो मालकाचा. एजंट असेल तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.

निळं_पाणी

सगळे सर्टिफिकेशनचं बोलताहेत, मी सीपीआरचंच बोलणार. मी जलतरण तलावावर जीवरक्षक होतो, आता पोहणं शिकवतो.

सीपीआर हा परीक्षेच्या अर्जाला जोडायचा कागद नाही. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसात पाच ते सहा सेंटीमीटर खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास. बुडालेल्या माणसात मात्र सुरुवात श्वासांनी करायची, कारण तिथे हृदय थांबतं ते हवा न मिळाल्याने. हे पुतळ्यावर हाताने करून आलेलं असलं पाहिजे. ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळालेला कागद घेऊ नका. खरा पुतळा, खरा प्रशिक्षक, घाम निघेपर्यंत दाब. दोन मिनिटं नीट दाब दिले की कळतं ते किती दमवणारं आहे, आणि म्हणून दुसरा माणूस बदलीला का लागतो.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी विचारा, एईडी आहे का, कुठे आहे, प्रथमोपचार पेटी शेवटची कधी तपासली, जवळचं रुग्णालय कोणतं. मुलाखतीतच विचारलंत तरी चालेल. चांगल्या मालकाला असा प्रश्न आवडतो.

पोहणं चांगलं असेल तर या बाजूला या, माणसं कमी पडतात. विशेषतः महिला प्रशिक्षक. तलावांवर महिलांच्या स्वतंत्र बॅच असतात आणि शिकवायला बाई मिळत नाही म्हणून त्या रखडतात. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जीवरक्षक आणि बोट चालवण्याचे कोर्स होतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून व्यावसायिक जीवरक्षक सेवा आहे, तिथेही शारीरिक चाचणी घेऊन मुला-मुलींना घेतात. समुद्र आणि तलाव यांत फार फरक आहे, तलावात उत्तम पोहणाऱ्यालाही समुद्राचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

सह्यवाटा

कॅम्प आणि ट्रेकबद्दल थोडक्यात. उत्तरकाशीचं निम (१९६५), दार्जिलिंगचं एचएमआय (१९५४), मनाली, पहलगाम, या गिर्यारोहण संस्थांपैकी कुठूनही बेसिक माउंटेनियरिंग कोर्स करावा. साधारण महिनाभराचा असतो, जागा खूप आधी भरतात. 'ए' ग्रेड मिळाली तरच पुढचा ॲडव्हान्स कोर्स करता येतो, म्हणून जाण्याआधी पाठीवर वजन घेऊन चढायचा सराव कर. चिखलदरा तुला जवळच आहे.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे प्रशिक्षित माणसांची गरज वाढली आहे. पण मालकाला विचार: नोंदणी आहे का, एका लीडरमागे किती मुलं, पाऊस-वीज आली तर कार्यक्रम रद्द करायचा अधिकार कोणाकडे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "ऑफिस ठरवतं" असं आलं तर मी तिथे काम करणार नाही. धबधब्याखाली दोरी लावून उभा असलेला माणूसच ते ठरवू शकतो.

गुडघेदुखी_आजी

मी या क्षेत्रातली नाही, पण तुम्ही मुली शेवटी आमच्यासारख्यांनाच शिकवणार म्हणून लिहिते. वय ६८, दोन्ही गुडघे खराब, मधुमेह. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एका पाठोपाठ एक ट्रेनर आले. शरीरं सगळ्यांची छान होती. टिकली ती एकच मुलगी.

ती पहिल्या दिवशी माझ्याशेजारी खुर्चीवर बसली आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय करता यायला हवंय?" मी म्हटलं, नातीसोबत जमिनीवर बसून पुन्हा उठता यावं. तिने सहा महिने माझ्याकडून खुर्चीवरून उठणं, भिंतीला धरून वाकणं, पायऱ्या, असंच करून घेतलं. व्यायामाआधी शुगर विचारायची, उपाशीपोटी आले तर परत पाठवायची. मी जमिनीवरून उठते आता, एक हात टेकून.

आमच्या सोसायटीत अशा चाळीसएक बायका असतील. आम्हाला मोठ्याने गाणी लावणारा ट्रेनर नको आहे. बाळांनो, म्हाताऱ्यांसोबत काम करायला शिका, काम कमी पडणार नाही.

लोखंडी_पट्टा

आजी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या सगळ्या ट्रेनरना दाखवणार आहे.

अंबानगरीकर, "तुम्हाला काय करता यायला हवंय" हा प्रश्न लिहून ठेव. मुलाखतीच्या डेमोत तो विचारणारे उमेदवार मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले असतील.

सांगलीची_सई_नव्हे

मी पण याच वाटेवर आहे, सांगलीहून. दोन प्रश्न. इंग्रजी कच्चं असेल तर पुण्या-मुंबईत निभाव लागतो का? आणि करारावर सही करताना काय बघायचं? माझ्या ओळखीच्या एका मुलाकडून एका जिमने मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या आणि नोकरी सोडल्यावर कित्येक महिने परत दिल्या नाहीत.

कायदा_वाचून_बघा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, वकील आहे.

मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ परत पिशवीत. यावर नोकरी अडत असेल तर ती नोकरी घेऊ नका.

आधी बघा, तुम्हाला कर्मचारी म्हणून घेताहेत की फ्रीलान्स. फिटनेसमध्ये बऱ्याचदा "प्रोफेशनल फी" म्हणून पैसे देतात आणि त्यातून दहा टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापतात. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, म्हणून पॅन कार्ड, फॉर्म २६एएस (कापलेल्या कराची नोंद) आणि विवरणपत्र ही तीन नावं आत्ताच ओळखीची करून घ्या. कर्मचारी असाल तर २० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला पीएफ लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं आणि महिन्याला २१,००० पर्यंत वेतन असेल तर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा). खांदा निखळला तर ईएसआय काय असतं ते कळतं, या कामात शरीर हेच भांडवल आहे.

दुसरं कलम: "सोडल्यानंतर अमुक वर्षं अमुक किलोमीटरच्या आत काम करणार नाही." भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार शून्य ठरतो, आणि नोकरी संपल्यानंतरची अशी बंधनं न्यायालयं सहसा मान्य करत नाहीत. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट मात्र वैध असते. आणि सभासदांची यादी, फोन नंबर उचलून नेणं हा वेगळा विषय आहे, ते करू नका.

मुलींसाठी एक महत्त्वाचं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ प्रमाणे, तो लागू असलेल्या आस्थापनेत स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि मालकाकडून सुरक्षा व ने-आणीची सोय लागते. जिमची सकाळची शिफ्ट सातच्या आधी सुरू होते, म्हणजे हा नियम रोजचाच आहे. निःसंकोच विचारा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही असली पाहिजे, तिचे सदस्य कोण ते भिंतीवर लावलेलं असतं.

पहाटबॅच

ठाण्यात ट्रेनर आहे, सई_नव्हेच्या पहिल्या प्रश्नावर लिहिते.

मी परभणीहून आले तेव्हा इंग्रजीची धास्ती होतीच. प्रत्यक्षात लागतं ते पन्नास-साठ वाक्यांचं इंग्रजी: कुठे दुखतंय, श्वास सोडा, थांबा, हळू, उद्या किती वाजता. तेवढं आरशासमोर पाठ होईतो म्हणा. मराठी आणि हिंदी चांगली असणं हीच मोठी जमेची बाजू आहे, कारण पहिल्यांदा जिममध्ये येणाऱ्या बायका मराठीतच मोकळ्या होतात. बाळंतपणानंतरची पाठ, पाळीतला त्रास, हे सगळं त्या इंग्रजीत सांगत नाहीत.

जास्त तयारी विक्रीची करा. पगार लहान असतो, खरे पैसे पीटीच्या (पर्सनल ट्रेनिंग) कमिशनमधून येतात, आणि महिन्याचं टार्गेट असतं. मुलाखतीत विचारा: टार्गेट किती, नाही झालं तर काय, कमिशन कोणत्या रकमेवर, क्लायंटने मध्येच सोडलं तर कापणार का. हे तोंडी ठेवू नका, मेलवर मागा. कामाचे तास दोन तुकड्यांत असतात, सकाळी पाच-साडेपाच ते दहा-अकरा आणि पुन्हा संध्याकाळी. म्हणून खोली जिमच्या जवळ घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. दुपारची झोप झाली नाही तर संध्याकाळच्या क्लायंटकडे लक्ष राहत नाही.

लोखंडी_पट्टा

टार्गेटवरून निघालंच आहे तर एक गंभीर गोष्ट. काही ठिकाणी ट्रेनरला पावडरी विकायला लावतात, त्यावर कमिशन देतात. तिथवर असेल तर निदान एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक बघा आणि किडनी-लिव्हरचा त्रास, औषधं चालू असलेल्या माणसाला डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नका. पण पुढे इंजेक्शनं येतात. मेफेन्टरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरायचं औषध आहे. ते व्यायामाआधी जोर येतो म्हणून टोचून घेणारी पोरं आहेत आणि त्याच्या बेकायदा विक्रीवर महाराष्ट्रात पोलिसांनी वारंवार कारवाई केली आहे. हे हृदयावर जातं. तुम्हाला कोणी "फक्त पोचवून दे" म्हटलं तरी त्याच दिवशी ती जागा सोडा. पुढची नोकरी मिळते. माझ्याकडे अशा कारणाने सोडून आलेल्यांना मी प्राधान्य देतो.

अंबानगरीकर

सगळ्यांचे आभार, आम्ही सगळ्या मिळून प्रिंट काढली. ठरवलंय असं: पुतळ्यावरचा सीपीआर कोर्स नागपूरला आहे, तिघी जाणार. आईची आणि शेजारच्या काकूंची वही सुरू झाली. काकूंना बीपी निघालं, डॉक्टरांकडून चालण्याची आणि हलक्या व्यायामाची परवानगी घेतली. अमेरिकन परीक्षा पगार सुरू झाल्यावर.

बायोडेटात मल्लखांबाचं "आंतरविद्यापीठ स्पर्धा, सहभाग" असं लिहिलंय. दादा, हे पुरेसं आहे का? दोन उन्हाळे आखाड्यात लहान मुलींची बॅचही घेतली होती, पण ती बिनपगारी, म्हणून लिहिली नाही.

लोखंडी_पट्टा

तीच सगळ्यात वर लिही. पगार मिळाला की नाही हे मला नको आहे. "दोन उन्हाळी शिबिरांत ८ ते १२ वयाच्या मुलींच्या बॅचला मल्लखांबाची सुरुवात शिकवली, वॉर्मअप, खाली गाद्या आणि आधार देण्याची जबाबदारी माझी." बॅचमध्ये किती मुली होत्या तो खरा आकडा टाक. खाली आखाड्यातल्या गुरुजींचा फोन, त्यांना विचारून. स्पर्धेची ओळ त्याखाली. आणि मला मेसेजमध्ये पाठव, आमच्या कोथरूडच्या शाखेत मुलांची बॅच सुरू करायची बोलणी चालू आहेत. डेमोला यायचं झालं तर वही घेऊन ये.